मुंबईची घरपट्टी: मर्यादा घालूनही वाढत गेलेला कर

१८७१ साली मुंबईतले घरमालक आणि व्यापारी म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर खवळले होते. क्रॉफर्ड यांनी १८६५ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा शहराची दशा वाईट होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा युद्ध संपताच ओसरला, शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या. वस्ती मात्र वाढलेलीच राहिली. गटारे तुंबलेली, रस्ते अपुरे आणि पटकीची साथ नित्याची. क्रॉफर्ड यांनी धडाक्याने कामे काढली. रस्ते झाले, गटारे झाली, आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिरवणारी मंडई उभी राहिली. या सगळ्याचा पैसा कर्जातून आणि करांतून येत होता. १८६५ च्या कायद्याने कारभाराची सारी सत्ता एकट्या कमिशनरकडे दिली होती. सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींना खर्चाला वेसण घालता आली नाही. कर वाढले, तरी तिजोरीतली तूट भरून निघेना.

क्रॉफर्ड यांना हटवा, अशी मागणी जोर धरत असताना २६ वर्षांचे एक बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात प्रवाहाविरुद्ध उभे राहिले. त्यांचे नाव फिरोजशहा मेहता. शहराला कर्तबगार कमिशनर हवाच, दोष आहे तो त्याच्याकडून हिशेब घेणारी सभा करदात्यांनी निवडलेली नाही याचा, अशी त्यांची मांडणी होती. क्रॉफर्ड यांना जावे लागले, पण मेहतांचा विचार टिकला. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले.

मुंबईच्या घरपट्टीला बांधलेली ही पहिली मर्यादा. ती आकड्याची नव्हती, संमतीची होती. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत याच कराला आणखी बऱ्याच मर्यादा घातल्या गेल्या. कधी भाडे गोठवून, कधी कायद्यात कमाल वाढीची अट लिहून, कधी निवडणुकीत माफी जाहीर करून. तरीही कर वाढतच गेला. असे का झाले, याचे उत्तर त्या मर्यादांच्या इतिहासातच सापडते.

पाणी, प्लेग आणि वाढते शहर

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने घरपट्टीचा सांगाडा पक्का केला. हा कायदा घडवण्यात मेहतांचा मोठा वाटा होता. मालमत्ता कर हा एकच कर नसून करांचा गठ्ठा आहे, हे त्यातच स्पष्ट होते. पाण्यासाठी पाणीपट्टी, मैला उचलण्यासाठी ‘हलालखोर कर’, आणि बाकी सगळ्या कामांसाठी सर्वसाधारण कर. प्रत्येकाची आकारणी घराच्या करयोग्य मूल्यावर. हे मूल्य काढण्याची रीत कायद्याच्या कलम १५४ मध्ये आहे: घराला वर्षाला जे भाडे रास्तपणे येईल, ते धरायचे आणि दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे.

संमतीची मर्यादा असूनही कर वाढले, कारण शहराला खर्च टाळता येत नव्हता. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये, तानसाचे १८९२ मध्ये. प्रत्येक वेळी पाणी आणखी लांबून आणावे लागले. १८९६ मध्ये प्लेग आला. शहर सोडून लाखो लोक गेले. कोंदट चाळी, हवा आणि सांडपाणी हे प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिले नाहीत. करदात्यांच्या सभागृहाने कुरकुर केली, काटकसरीचे ठराव केले, पण कामांना मंजुरी दिली. कर कशासाठी वाढतो आहे, हे भरणाऱ्याला दिसत होते आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. मात्र हा अधिकार मूठभर संपन्न लोकांचाच होता. चाळीतल्या भाडेकरूला मताचा हक्क मिळायला पुढची कित्येक दशके जावी लागली.

१९४० साली गोठलेले भाडे

दुसरी मर्यादा घरपट्टीसाठी आलीच नव्हती. ती भाडेकरूंसाठी आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तीच वेळ पुन्हा आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधले भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ ठरवले. त्यानंतर बांधलेल्या घरांसाठी, ती पहिल्यांदा भाड्याने गेली तेव्हाचे भाडे प्रमाण मानले गेले. गिरणी कामगार, कारकून, फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबे यांच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने टिकवले, हे विसरून चालणार नाही.

पण घरपट्टी भाड्यावर बेतलेली होती. भाडे गोठले की करयोग्य मूल्यही गोठणार. घरमालक प्रत्यक्षात जास्त भाडे घेत असला तरी प्रमाण भाड्याच्या वर जाऊन पालिकेला मूल्य ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता, गुंटूर आणि दिल्लीच्या खटल्यांमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत सांगितले. पागडीच्या रूपाने हातोहात फिरणारा पैसा तर कोणत्याच हिशेबात नव्हता.

याचा परिणाम एका साध्या हिशेबावरून कळतो. समजा, गिरगावातल्या चाळीत एका खोलीचे १९४० चे भाडे महिना २० रुपये होते. वर्षाचे झाले २४०, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य २१६ रुपये. आता समजा, १९७० च्या दशकात उपनगरात तेवढीच नवी खोली महिना ३०० रुपयांनी गेली. तिचे करयोग्य मूल्य ३,२४० रुपये. दोघांना पाणी तेच, रस्ता तोच, दवाखाना तोच. कर मात्र पंधरापट. जुन्या घराचा कर रोखला गेला आणि उरलेला भार नव्याने आलेल्यावर पडला. मलबार हिलच्या जुन्या इमारतीतल्या ऐसपैस घरापेक्षा दहिसर-बोरिवलीच्या नव्या छोट्या फ्लॅटला जास्त कर, हा मुंबईचा नेहमीचा अनुभव बनला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये जनमताने घरपट्टीवर मर्यादा घातली, करमूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली, आणि घर विकले गेले की नव्या किमतीने आकारणी सुरू केली. तिथेही शेजारी-शेजारी राहणाऱ्या जुन्या आणि नव्या घरमालकांच्या करात अशीच दरी पडली.

बिलावरच्या ओळी वाढल्या

मूल्य गोठले, पण शहर थांबले नाही. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे मुंबईला जोडली गेली. वैतरणा, मग ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा असे पाणी शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून येऊ लागले. १९७३ पासून पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि कर्जाबरोबर ते फेडण्याची जबाबदारी आली. मूल्य वाढवता येत नसेल तर उरतात दोनच वाटा: टक्केवारी वाढवायची, नाहीतर नवी ओळ जोडायची. मुंबईत दोन्ही झाले.

पालिकेचे मालमत्ता कराचे बिल हातात घेऊन वाचले, तर हा इतिहास ओळीओळीने दिसतो. सर्वसाधारण कर. जलकर आणि त्याच्याखाली जललाभ कर. मलनिस्सारण कर आणि त्याच्याखाली मलनिस्सारण लाभ कर. पालिका शिक्षण उपकर. राज्य शिक्षण उपकर. रोजगार हमी उपकर. वृक्ष उपकर. पथकर. जुन्या उपकरप्राप्त इमारतींना त्यावर दुरुस्ती उपकर. यातला प्रत्येक शब्द कोणत्यातरी वर्षी कोणत्यातरी सभागृहात मंजूर झालेला आहे.

यातल्या तीन ओळी लक्षपूर्वक वाचायला हव्यात. राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिकेचे नाहीतच. १९६२ च्या कायद्याखाली ते राज्य सरकारचे आहेत. पालिका ते गोळा करून राज्याकडे भरते. ग्रामीण भागातल्या मजुराला काम देणाऱ्या योजनेसाठी शहरातल्या दुकान-कार्यालयांनी वाटा उचलावा, हा विचार योग्यच होता. पण बिल देणारी एक आणि पैसा घेणारा दुसरा, अशी फारकत इथे रुजली.

तिसरी ओळ दुरुस्ती उपकराची. भाडे गोठल्यामुळे घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. भिंतींना तडे गेले, पावसाळ्यात इमारती कोसळून माणसे मरू लागली. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापन केले आणि खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर बसवला. भाडे रोखले म्हणून दुरुस्ती थांबली, दुरुस्ती थांबली म्हणून उपकर आला. वाढीव कर भाडेकरूकडून वसूल करायची मुभाही भाडेनियंत्रण कायद्यात होतीच. त्यामुळे चाळीतल्या खोलीचे भाडे जागच्या जागी राहिले आणि त्याच पावतीवरची कराची रक्कम चढत गेली. ज्याच्यासाठी मर्यादा घातली, त्याच्याच खिशातून तिची भरपाई झाली.

जकात जाते, भांडवली मूल्य येते

इतकी दशके घरपट्टीतली ही गुंतागुंत पालिकेने चालवून घेतली, याचे एक मोठे कारण होते जकात. नाक्यावर थांबलेल्या ट्रकांमधून रोज रोख पैसा येई. घरपट्टीची राजकीय कटकट टाळायला ही सोयीची वाट होती. पण व्यापाऱ्यांचा जकातीला विरोध होता. राज्यातल्या इतर महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईत जकात टिकली ती १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत. तेव्हा जकातीतून पालिकेला वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत होते. तो स्रोत बंद झाला आणि त्या जागी राज्याकडून येणारी नुकसानभरपाई आली. जुलै २०१७ मध्ये ६४७ कोटींचा पहिला धनादेश समारंभाने पालिकेला देण्यात आला. भरपाई वेळेवर येत राहिली, तरी स्वतः दर ठरवता येईल असा पालिकेच्या हाती उरलेला सर्वांत मोठा कर आता मालमत्ता करच होता.

याची चाहूल आधीच लागली होती. भाड्यावर आधारलेली पद्धत मोडीत काढण्यासाठी विधिमंडळाने २००९ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. आता भाड्याशी संबंध उरला नाही. रेडीरेकनरचा (जागांच्या सरकारी भावपत्रकाचा) दर, घराचे क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला, यांचा गुणाकार करून मूल्य काढायचे. मलबार हिल आणि दहिसरमधला जुना अन्याय दूर होईल, हा या बदलामागचा खरा आणि योग्य हेतू होता.

कर एकदम चढू नये म्हणून कायद्यातच मर्यादा लिहिल्या गेल्या. नव्या पद्धतीत जाताना निवासी घराचा कर जुन्याच्या दुपटीपेक्षा आणि व्यापारी जागेचा तिपटीपेक्षा वाढणार नाही. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पाच वर्षे वाढ नाही. त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरआकारणी, आणि तेव्हाची वाढ चाळीस टक्क्यांच्या वर नाही.

लोकांनी या वाचल्या आश्वासन म्हणून. पण दुपटीची मर्यादा म्हणजे दुपटीपर्यंत वाढवण्याची परवानगीही असते. शिवाय मूल्य रेडीरेकनरला बांधलेले, आणि रेडीरेकनर ठरवते राज्य सरकारचे मुद्रांक खाते. जागांचे भाव वाढले की घरपट्टी वाढण्याची व्यवस्था त्यात आपोआप होती. घर विकायचे नाही, त्यातच राहायचे, अशा निवृत्त जोडप्याच्या उत्पन्नात त्या भावांमुळे एक रुपयाची भर पडत नाही. बिलात मात्र पडते.

न्यायालय आणि माफी

मालमत्ताधारकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये अंतरिम आदेश आला: जुन्या पद्धतीचा कर भरा आणि वाढीव फरकातली निम्मी रक्कम भरा. एप्रिल २०१९ मध्ये अंतिम निकाल लागला. भांडवली मूल्याची पद्धत न्यायालयाने वैध ठरवली, पण २०१० आणि २०१५ च्या नियमांतले २०, २१ आणि २२ क्रमांकाचे नियम रद्द केले. जमिनीवर भविष्यात किती चटईक्षेत्र वापरता येईल हे धरून आज कर आकारता येणार नाही, जे आहे त्यावरच आकारा, असा त्याचा सरळ अर्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. दहा-बारा वर्षांच्या बिलांचा हिशेब पुन्हा उघडला.

त्याच सुमारास राजकारणातून आणखी एक मर्यादा येत होती. २०१७ च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेने पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचे वचन दिले. सभागृहात ठराव झाला, पण कायदा बदलण्याचा अधिकार राज्याचा. मार्च २०१९ मध्ये राज्याने सूट दिली ती फक्त सर्वसाधारण करातून. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. माफी मिळाली म्हणून निश्चिंत झालेल्या घरांत बिल पुन्हा आले. संपूर्ण माफीची घोषणा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १ जानेवारी २०२२ ला केली. सुमारे १६ लाख घरांना तिचा फायदा झाला आणि पालिकेचे वर्षाला सुमारे ४१७ कोटींचे उत्पन्न गेले.

ही माफी छोट्या घरात राहणाऱ्या कष्टकऱ्याला खरोखर उपयोगी पडली. पण त्या ४१७ कोटींची जागा कोणत्या खर्चातली कपात भरून काढणार, हे कुणी सांगितले नाही. ५२० चौरस फुटांच्या घराला पूर्ण कर आणि ४९० च्या घराला शून्य, ही नवी रेघ त्यातून आखली गेली.

फेरआकारणीचेही तेच झाले. २०२० ची वाढ कोविडमुळे पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये वाढीव रकमेची बिले लोकांच्या हाती पडली, गदारोळ झाला आणि वाढ मागे घेतली गेली. पुढे ढकललेली वाढ रद्द होत नाही. ती साठते, आणि पाच वर्षांचा फरक एका वर्षी दारात येतो.

पुण्याची हकीकत वेगळी नाही. १९७० पासून घरमालक स्वतः राहत असलेल्या घराला तिथे चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने सवलत काढली, हजारो पुणेकरांना फरकाची बिले गेली, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. जवळपास पन्नास वर्षे चाललेली सवलत काढली राज्याने आणि परत दिलीही राज्यानेच. जिचे उत्पन्न पणाला लागले, त्या महापालिकेच्या हाती काही नव्हते.

ताळेबंद

या सगळ्या मर्यादा खोट्या नव्हत्या. गोठलेल्या भाड्याने लाखो कुटुंबे शहरात टिकली. चाळीस टक्क्यांच्या अटीने एकदम बसणारा धक्का रोखला. माफीने छोट्या घरांना दिलासा दिला. पण प्रत्येक मर्यादा कराच्या एका भागावर होती. खर्चावर एकही नव्हती. एका जागी दाबलेला भार दुसऱ्या जागी निघाला: जुन्याकडून नव्याकडे, घराकडून दुकानाकडे, सर्वसाधारण कराकडून उपकरांकडे, आजच्या वर्षाकडून पुढच्या वर्षाकडे. मर्यादा जाहीर करणारा आणि तिची किंमत मोजणारा हे एकच असते, तर ती इतक्या सहज जाहीर झाली नसती. राज्य सूट देते, रेडीरेकनर राज्य ठरवते, उपकर राज्य घेते. लोकांच्या रागाला तोंड मात्र महापालिका देते.

महापालिकेलाही यातून सुटका नाही. पाणी, गटार, शाळा, रुग्णालय यांचा खर्च महागाईने वाढतो, हे खरे. पण बड्या थकबाकीदारांची वसुली वर्षानुवर्षे रेंगाळते आणि नियमित भरणाऱ्यालाच वाढीव बिल जाते, हेही तितकेच खरे.

१८७१ साली फिरोजशहा मेहतांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवले, ती आजही शिल्लक आहे. कराचा आकडा बांधून कर थांबत नाही. कर लावणाऱ्याने भरणाऱ्याला जाब दिला, तरच त्याला लगाम बसतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘करवाढ नाही’ किंवा ‘कर माफ’ असे सांगत आले, तर वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या ओळीतली माफी? ती कायद्यात लिहिली आहे की केवळ भाषणात? आणि तेवढा पैसा कोणत्या खर्चातून वाचणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ती मर्यादा खरी. एखादे जरी अडले, तर ती रक्कम आपल्याच बिलावर दुसऱ्या नावाने येणार, असे समजून चालावे.